मोडाचा मका दळणारी ओर्लीना

लॉरेल फोर्कच्या ओढ्यावर ओर्लीना बकनरची पाणचक्की होती, आणि तिथे काय काय दळलं जातं ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं. एरवी आम्ही नॉर्थ कॅरोलायनाचे डोंगरी लोक बोलायला काही कमी नाही. कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली, कुणाची सून चर्चमध्ये कुणाकडे बघून हसली, यावर आम्ही अख्खा हिवाळा काढू शकतो. पण मोडाच्या मक्याचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

मोडाचा मका म्हणजे दारूचा जीव. गोणपाटात मका बांधायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, शेणखताच्या उबेत पुरून ठेवायचा. बोटभर मोड आले की चुलीमागे वाळवून जाडसर दळायचा. हे पीठ पडल्याशिवाय पिंपातलं आंबवण काही उठत नाही. साखरेची पोती ओतून घाईघाईनं दारू काढणारे लोक खाली सपाटीवर राहतात. त्यांच्या दारूनं माणूस आधी गातो आणि दुसऱ्या दिवशी डोकं भिंतीवर आपटतो. आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून मक्याचीच. सरकारनं दारूबंदी केली त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या बाजूनं एवढाच फरक पडला होता की भट्ट्या ओढ्याच्या आणखी वरच्या अंगाला गेल्या होत्या आणि भाव चढला होता.

पण मोडाचा मका दळणाऱ्यालाही सरकार कोठडी दाखवायचं. म्हणून चक्कीवर एक रीत पडली होती. साधा मका आणला तर पोतं दाराच्या उजवीकडे ठेवायचं, मोडाचा असला तर डावीकडे, आणि हवापाण्याच्या गप्पा मारून निघून जायचं. ओर्लीना विचारायची नाही, आणणारा सांगायचा नाही. उद्या कुणी बायबलवर हात ठेवून विचारलं, "बाई, यानं तुला मोडाचा मका दळून दे म्हणून सांगितलं का?" तर ती खरं बोलून सुटली असती. आमच्या लोकांना खोटं बोलायला आवडत नाही; खरं बोलून फसवायला आवडतं.

ओर्लीना तेव्हा पन्नाशीची असेल. बुटकी, रुंद हाडाची, भुवयांवर कायम पीठ. बाप चक्कीच्या दगडांना टाकी लावणारा होता आणि ते काम ती त्याच्या मांडीला मांडी लावून शिकली. टाकीचे पोलादी कण उडून कातडीत रुतून बसतात. तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर तसले निळे तीळ होते. नवरा हार्मन लाकूडतोडीवर गेला आणि ओंडक्याखाली राहिला. तेव्हापासून बावीस वर्षं ती एकटी. दुसरं लग्न कर म्हणून बायका मागे लागायच्या, तर म्हणायची, "दोन दगड सांभाळते आहे, तिसरा कशाला?"

तिचा व्यवहार चोख होता. दळणावळ म्हणून आठवा वाटा, मापाला काठ लावून, ना दाणा जास्त ना कमी. मोडाचा मका दळला की दगडांना चिकट गोडसर थर बसतो. त्यावर लगेच दुसऱ्याचं दळण घातलं तर त्याच्या पिठात गोडी उतरणार, आणि त्याची बायको पहिल्याच घासाला विचारणार, आपल्या आधी चक्कीवर कोण होतं गं बाई? म्हणून ओर्लीना मधे आपल्या वाट्याचा अर्धं माप साधा मका घालून दगड धुऊन काढायची. ते पीठ फेकायचं कशाला? ते तिच्या स्वयंपाकघरात जायचं. बिडाच्या तव्यात त्याची जाड भाकर भाजायची, ताकात कुस्करून खायची. बावीस वर्षं तीच भाकर खाऊन तिच्या जिभेला तिची चव कळेनाशी झाली होती.

त्या साली नोव्हेंबरात पहिली भट्टी गेली ती वायली जेंट्रीची. सरकारी माणसं सरळ चालत आली, जशी काही पाहुणी. कुऱ्हाडीनं तांब्याच्या भांड्याला भोकं पाडली, पिंपं उलथली, वायलीला घेऊन गेली. लोक म्हणाले, वायली बावळटच. धूर काढताना शिट्टी वाजवत असेल. दहा दिवसांनी ज्यूल्स रॅम्सीची गेली. ज्यूल्स बावळट नव्हता. आणि मग फर्मन शेल्टनची. हे दोघं रानात पळाले म्हणून हाती लागले नाहीत. फर्मन म्हणजे असा माणूस की स्वतःच्या सावलीलाही वेगळ्या वाटेनं घरी यायला सांगेल.

आता बोलायला हवंच होतं, आणि सगळे बोलू लागले. मागे असे बहाद्दर आमच्याकडे होऊन गेलेत की ज्यांनी स्वतःचंच जुनं गळकं भांडं सरकारला कळवलं आणि बक्षिसातून नवं तांबं घेतलं. म्हणून लोक आधी फर्मनचं फुटकं भांडं बघून आले. ओर्लीनाही गेली. भांडं नवंकोरं होतं, बिचाऱ्यानं चमक मारायला सांध्यांवर अजून राखही घासली नव्हती. म्हणजे फर्मन नाही. मग कोण? टपालवाली, जी सगळ्यांची पोस्टकार्डं वाचून मगच वाटते? सुया-दोऱ्या विकणारा फेरीवाला? की चर्चचे डीकन झेबडी रॅथबोन, जे दर रविवारी दारूच्या नावानं बाकावर मूठ आपटायचे?

आमच्याकडे खुन्याला लोक जेवायला बसवतील, का मारलंस म्हणून विचारतील. चुगलखोराला पाणी देत नाहीत. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. चर्चमध्ये बाकांच्या मधली जागा वाढली.

आणि मग कुणीतरी बोटं मोजली. दळण झालं की पाचव्या दिवशी भट्टी पेटते. वायली, ज्यूल्स, फर्मन, तिघांचीही भट्टी दळणानंतर बरोबर पाचव्या दिवशी फुटली. कोण आणि कधी, एवढं कळलं की कुठे ते धूर सांगतो. आणि कोण आणि कधी हे एकाच ठिकाणी कळत होतं.

एका शनिवारी चक्कीच्या अंगणात एकही खेचर नव्हतं. शनिवार म्हणजे दळणाचा दिवस. एरवी पंधरा-वीस माणसं, तंबाखूच्या पिचकाऱ्या, नालफेकीचा खेळ, आणि ज्यांचं दळण कधीच झालंय अशी टोळकी. त्या दिवशी दोन विधवा आल्या, त्याही माना खाली घालून. उंबऱ्यावर हिकरीच्या झाडाच्या फोकांची एक जुडी ठेवलेली होती आणि तिच्यात आगकाडी खोचलेली. आमच्याकडे याचा अर्थ शाळेत शिकवावा लागत नाही. आधी फोक, मग आग.

दुपारी फर्मन आला. ओर्लीनाचा तो चुलतभाऊ, वयानं बरोबरीचा. लहानपणी दोघांनी मिळून ह्याच पन्हळीत बेडूक सोडले होते. बसला मात्र नाही.

"ओर्ली, आम्हा तिघांत एक गोष्ट सारखी आहे."

"तिघंही आळशी आहात."

"तिघांनी तुझ्याकडे दळलं."

"तिघं माझ्या आईच्या हातावर जन्माला आलात. तिलाही कबरीतून उठवतोस का विचारायला?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"मी हसत नाहीये, फर्मन. हे फोक तू ठेवलेस?"

"मी ठेवले असते तर सुबक बांधले असते." त्यानं छपराकडे पाहिलं. "पुढच्या शनिवारपर्यंत बघ. तुझ्या तोंडून नाही गेलं तर कुणाच्या तोंडून गेलं ते शोध. पोरांना मी किती थोपवू? चक्कीचं लाकूड छान वाळलंय तुझ्या."

तो गेला. ओर्लीनानं पन्हळीची फळी पाडली, पाणी बंद केलं. चक्की बंद म्हणजे तिचं सगळंच बंद. शेत नाही, पोर नाही, दुसरं कसब नाही. आणि चुगलखोर हे नाव लागलं की ते थडग्यावरही कोरतात, फुकट.

ती जेवायला वाढू लागली तेव्हा समोर प्रोफेसर एल्बर्ट क्वार्ल्स बसले होते. हे प्रोफेसर कुठल्या कॉलेजचे नव्हेत. सुगी संपली की गावोगाव फिरून चर्चमध्ये गायनशाळा भरवणारे जे मास्तर येतात त्यांना आम्ही मानानं प्रोफेसर म्हणतो. चौकोनी, त्रिकोणी, गोल सूरचिन्हं फळ्यावर काढून ते आमच्या बेसूर गळ्यांना वळण लावतात. क्वार्ल्स महिनाभर ओर्लीनाकडे राहायला होते. लांब मान, कडक कॉलर, आणि अंगापेक्षा मोठी भूक. सकाळभर खिडकीत बसून सुरांच्या वह्या लिहायचे, आठवड्यातून दोनदा बहिणीला पत्र टाकायचे. जेवायच्या वेळी अशी तारीफ करायचे की ओर्लीना, जिला बावीस वर्षांत कुणी "मीठ बरं पडलंय" असंही म्हटलं नव्हतं, ती नकळत एक तुकडा जास्त वाढायची.

त्या आठवड्यात मोडाचं एक पोतंही आलं नव्हतं. क्वार्ल्सनी भाकर मोडली, चघळली, आणि जरा हिरमुसले.

"मावशी, आज भाकर साधीच?"

"भाकर साधीच असते."

"छे! मागे तीनदा गोड होती. फर्मन शेल्टन येऊन गेले त्या दिवशी तर केकच."

ओर्लीनाच्या हातातली पळी घेवड्याच्या पातेल्यावर तशीच थांबली. आमच्या डोंगरात मक्याच्या भाकरीत साखर घालणारी बाई म्हणजे घर बुडवणारी बाई. तिनं आयुष्यात कधी घातली नव्हती.

"काकवी सांडली असेल," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात घेवडा वाढला.

पुढच्या दारानं ती चक्कीत गेली. दगडांभोवतीच्या फटीतून झाडून ठेवलेलं जुनं मोडाचं पीठ तिनं चिमूटभर कोमट पाण्यात कालवलं, चुलीशी तासभर ठेवलं आणि जिभेवर घेतलं. मन लावून घेतलं, जसं परक्याच्या घरचं घ्यावं. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की आपण रोज काय खातो. वायली येऊन गेला त्या दिवशी गोड. ज्यूल्स येऊन गेला त्या दिवशी गोड. अंगणात कोण आलं ते खिडकीतून दिसत होतं आणि काय दळलं ते ताटात.

पण तिच्या मनाला एक कुसळ टोचत राहिलं. चुगलखोर माणूस असं तोंडावर बोलेल? की मुद्दाम बोलून पाहतोय, बाईला कळलंय का ते? की बिचारा खरंच खादाड आहे, आणि बहिणीला पत्रात भाकरीचं कौतुक लिहितो, आणि बहिणीचा नवरा सरकारी नोकर आहे? माणूस जितका साधा दिसतो तितका तिला तो जास्त खोल वाटायला लागला. आणि फर्मनला जाऊन सांगावं तर काय सांगावं? पाहुण्याला भाकर गोड लागली म्हणून? पोरं त्याला ओढ्यात बुडवतील, आणि तो निर्दोष निघाला तर ते पाप कुणाच्या माथी?

खात्री करायला हवी होती. तीही अशी की कुणाचं नुकसान होणार नाही.

सोमवारी डीकन रॅथबोन आले. भीतीनं बाकी सगळे चक्की टाळत होते. डीकनना कशाची भीती? उंच, वाळके, पांढरी दाढी छातीवर इस्त्री केल्यासारखी. साधा पांढरा मका, दोन पोती, दाराच्या उजवीकडे. नवरा-बायको दोघंच, पण दर आठवड्याला दोन पोती. ओर्लीना समजायची, गोरगरिबांना वाटत असतील.

"भगिनी ओर्लीना, मनाला लावून घेऊ नकोस. लोक काय, येशूलाही बोलले."

"त्याची चक्की नव्हती जाळायला, बंधू."

"निष्पाप माणसानं भिऊ नये. माझ्याकडे बघ. माझ्या घराची दारं उघडी, कुणीही यावं, शोधावं."

हे ऐकलं आणि ओर्लीनाच्या डोक्यात दिवा लागला. डीकनच्या घरी सरकारी माणसं आली तर त्यांना मिळणार काय? बायबल आणि मधाची बरणी. माफी मागून परत जातील. डीकनचं काही बिघडणार नाही, आणि तिला मात्र कळेल.

दिवसभरात दुसरं कुणी आलं नाही. संध्याकाळच्या भाकरीत तिनं झाडून काढलेल्या मोडाच्या पिठाची एक चांगली मूठ टाकली आणि पीठ बराच वेळ कोमट ठेवलं. तिनं स्वतःला समजावलं, मी कुणाचं नाव घेत नाहीये, फक्त भाकर भाजते आहे.

क्वार्ल्सनी चार तुकडे खाल्ले.

"मावशी, आज पुन्हा गोड!"

"असेल."

"आज कोण आलं होतं चक्कीवर? ते डीकनच ना, दाढीवाले?"

"डीकनच."

"भला माणूस," क्वार्ल्स म्हणाले आणि पाचवा तुकडा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बहिणीला पत्र टाकायला गेले. एरवी पत्राचे दिवस गुरुवार आणि शनिवार असायचे.

शुक्रवारी सहा सरकारी माणसं कुऱ्हाडी घेऊन डीकनच्या दारात उभी राहिली.

आता ऐका. डीकनचं घर शोधलं, काही नाही. तबेला शोधला, काही नाही. ते टोप्या काढून निघालेच होते, एवढ्यात त्यांतला एक जण म्हणाला, जाता जाता धुराची खोली बघू. आमच्या प्रत्येक घरामागे ती असते. डुकराच्या मांड्या टांगून खाली धूर करायचा. धुराच्या खोलीतून धूर निघाला तर कोण नाक वर करणार? डीकनच्या खोलीतून बारा महिने निघायचा, आणि आम्ही म्हणायचो, बघा, मांस खारवावं तर डीकननं. दार उघडलं तर वर तीन मांड्या, त्याही दाखवण्यापुरत्या, आणि खाली सत्तर गॅलनचं तांब्याचं भांडं, वेटोळी नळी, आणि कोपऱ्यात सॉसेज दळायचं हातयंत्र. मोडाचा मका हा माणूस घरीच त्या यंत्रात दळत होता! गोरगरिबांचं पीठ पिंपात फसफसत होतं. डीकन म्हणाले, "औषधापुरती." आणि त्यांची बायको झोरा एप्रनशी चाळा करत म्हणाली, "मला वाटायचं, हे तासन्‌तास तिथे प्रार्थनेला बसतात. बाहेर येताना चेहऱ्यावर तेजही असायचं."

खोरं तीन तास हसलं आणि मग हसणं थांबवून पुन्हा विचार करू लागलं. हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच फर्मन ओर्लीनाच्या ओसरीवर आला. हसून हसून डोळे लाल झाले होते; यावेळी बसला, तोही लाकडं फोडायच्या ओंडक्यावर.

"ओर्ली, सुटलीस गं तू!"

"कशी?"

"अगं, डीकन तुझ्याकडे मोड दळतच नव्हता. दळत होता का?"

"नाही. एकदाही नाही."

"मग तुला कळणार कसं? ज्याला डीकनचंही माहीत होतं, तो चुगलखोर. तुला माहीत नव्हतं. म्हणजे तू नव्हेस. मी पोरांना सांगितलंय, उद्या सगळी खेचरं तुझ्या अंगणात." तो उठला, मग जरा थांबला. "तसं मला तुझ्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं."

"हो. छपराकडे तू नक्षत्रं बघत होतास."

फर्मन गेला. ओर्लीना ओसरीवर उभी राहिली. आयुष्यात एकच माणूस तिनं आपल्या हातानं पकडून दिला होता, आणि त्यामुळेच ती निर्दोष ठरली होती. तिला हसू येईना आणि रडूही.

आत क्वार्ल्स ताटावर बसले होते. खिडकी उघडी होती. ओर्लीनानं त्यांच्यापुढे उकडलेले बटाटे ठेवले.

"भाकर नाही, मावशी?"

"तुमच्यासाठी संपली. उद्या सामान बांधा, प्रोफेसर."

"का बरं?"

"तुमच्या बहिणीला माझ्या भाकरीची जरा जास्तच गोडी लागली आहे."

ते दचकले नाहीत. बटाट्यावर मीठ भुरभुरलं, नीट, सगळीकडे सारखं. "मी जेवताना खरं बोललो. भाकर गोड होती, गोड म्हणालो. यात गुन्हा कुठला?" मग आवाज न चढवता म्हणाले, "पण मावशी, आत्ताच तुम्ही त्या फर्मनना म्हणालात की डीकन तुमच्याकडे मोड दळत नव्हते. मग सोमवारची भाकर गोड कशी झाली?"

ओर्लीनानं खिडकी लावून घेतली.

"मीही विचारात पडलोय. आणि फर्मनना विचारलं तर तेही पडतील. माझी शाळा अजून दोन आठवडे आहे. तुमची चक्की सुरू होतेय, छान झालं. आपण दोघांनी जेवताना हवापाण्याचं बोलावं." त्यांनी बटाटा तोंडात टाकला. "मऊ आहे."

म्हणजे ती वाचली होती खरी, पण दोरी त्याच्या हातात होती. गप्प बसली तर चक्की चालणार, नाव शाबूत, आणि दर दळणाला हा खिडकीत. आज ना उद्या पुन्हा कुणाची तरी भट्टी, पुन्हा बोटांची मोजणी, पुन्हा उंबऱ्यावर फोक. बोलली तर उद्याच सगळं संपेल. ओर्लीनानं त्याचं ताट उचललं. अजून दोन बटाटे शिल्लक होते.

शनिवारी सकाळी तिनं दोन तवे चुलीवर चढवले. एकात साधं पीठ, दुसऱ्यात मोडाची मूठ घातलेलं. क्वार्ल्स खाली आले, चुलीकडे बघितलं, एका तव्याकडे, मग दुसऱ्याकडे. माणूस हुशार होता. न्याहारीला थांबला नाही. खेचरं अंगणात शिरायच्या आत सूरचिन्हांच्या वह्या बगलेत मारून तो मागच्या वाटेनं डोंगर चढत होता.

अंगणात चौदा-पंधरा माणसं जमली. ज्यूल्स रॅम्सी होता, फर्मन होता, वायलीचा बाप होता. जामिनावर सुटलेले डीकनही आले होते, पण सगळ्यांच्या मागे, टोपी डोळ्यांवर ओढून. ओर्लीनानं दोन्ही भाकरी तुकडे करून फळीवर मांडल्या.

"आज मेजवानी?" फर्मन म्हणाला. "सुटल्याची?"

"आधी ही खा. मग ही."

खाल्ली. ज्यूल्सनं दुसरा तुकडा चघळता चघळता तोंड वाकडं केलं. "ओर्लीनामावशी, साखर घालायला लागलीस की काय? तुझी आई वर रडत असेल."

"साखर नाही ती. ज्या दिवशी तुझं पोतं डावीकडे असतं त्या दिवसाचं माझं जेवण आहे ते. महिनाभर प्रोफेसर तेच जेवत होता. खिडकीत बसून."

मग एकेकाचे जबडे थांबले. आमचे लोक हळू विचार करतात, पण केला की शेवटपर्यंत करतात.

"कुठे आहे तो?" वायलीचा बाप म्हणाला.

"गेला."

"तू जाऊ दिलंस?"

"मी भाकर भाजत होते. पाय त्याचे होते."

दोघं-तिघं खेचराकडे धावले. पण तासाभराची चढण पुढे गेलेल्या माणसाला त्या रानात शोधणं म्हणजे ओढ्यात थुंकी शोधणं. फर्मन हलला नाही. तो हातातला तुकडा उलटसुलट करत होता.

"म्हणजे आम्हा तिघांना तूच."

"माझ्या भाकरीनं. मला माहीत नव्हतं."

"आणि डीकन? तो तर..." फर्मनचं कालचं सगळं गणित त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि चुकलेलंही. "ओर्ली, तू काल म्हणालीस, एकदाही नाही."

"नाही दळला त्यांनी. त्यांना मी पकडून दिलं. पीठ मीच कालवलं, हातानं. खात्री करायला."

हे ती बोलली नसती तर चाललं असतं. कुणी विचारायचंही नाही. पण ती बोलली. मागून गर्दी दुभंगली आणि डीकन पुढे आले. दाढी आज इस्त्रीची नव्हती.

"भगिनी ओर्लीना. माझ्या घरी काय सापडेल असं वाटलं होतं तुला?"

"काही नाही, बंधू."

"काहीच नाही?"

"बायबल. आणि मध."

डीकननी टोपी काढली. "म्हणजे," ते म्हणाले, "ह्या अख्ख्या खोऱ्यात मला सज्जन समजणारी तू एकटीच होतीस."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग ज्यूल्स, मग सगळे. डीकनही, जरा उशिरा. फर्मन मात्र हसला नाही.

"हसा," तो म्हणाला. "माझं तांबं नवं होतं." मग ओर्लीनाकडे वळला. "चक्की जळणार नाही. माझा शब्द. पण ह्यापुढे दगड धुतलेलं पीठ तुझ्या घरात जाणार नाही. ज्याचं दळण तो उभा राहील, ते पीठ डोळ्यांसमोर डुकरांना घालेल, मग जाईल. आणि पाहुणा ठेवायचा असला तर आधी आम्हाला विचारशील."

"माझ्या घरात कोण जेवणार ते तू ठरवणार?"

"हो."

ओर्लीनानं हातांवरचे निळे तीळ चोळले. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर तिनं त्याला पन्हळीत ढकललं असतं. पण पोती अंगणात आली होती. "बरं," ती म्हणाली.

डीकननी खेचरावरून आपलं पोतं उतरवलं. सरकारनं त्यांचं हातयंत्रही पुराव्यात नेलं होतं. पोत्यातून मोडाचा वास येत होता, आणि त्यांनी तो लपवायचा आव आणला नाही. "वकील म्हणतो, खटला वसंतात लागेल. तोवर वकिलाला द्यायला काहीतरी हवं."

ओर्लीनानं पन्हळीची फळी उचलली. चाक कुरकुरलं, दगड फिरू लागला. तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि दगडावरच्या चाड्यात पहिली वैरण टाकली.

"बंधू, बाहेर बसा. वेळ लागेल."

"नाही भगिनी," डीकन म्हणाले आणि दगडापासून हातभर अंतरावर उभे राहिले. "मी इथेच बरा."

त्यांच्या मागोमाग फर्मन आत आला, मग ज्यूल्स, मग वायलीचा बाप, आणि दाराशी उरलेले. बावीस वर्षांत दळताना आत कुणी थांबलं नव्हतं. ती पीठ बोटांत चोळून बघत होती आणि डझनभर माणसं तिच्या बोटांकडे बघत होती.